खान्देशात मुक्काम : घरची खोली, घरची न्याहारी

जळगाव स्टेशनवर उतरणाऱ्या पर्यटकाचा दिवस बहुतेक ठरलेला असतो. पहाटेच्या गाडीने यायचं, बाहेर जीप ठरवायची, साठेक किलोमीटरवरची अजिंठ्याची लेणी बघायची आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचं. धुळ्याच्या वाट्याला तेवढंही येत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथलं हे शहर. तिथून जाणारे पुष्कळ, थांबणारे थोडे. लोक ढाब्यावर शेवभाजी खातात आणि पुढे निघतात.

खान्देश असा जाता जाता दिसत नाही. अजिंठा सोडलं तर एका नजरेत डोळे दिपवणारं स्थळ इथे नाही, आणि अजिंठाही खरं तर शेजारच्या जिल्ह्यात आहे. इथल्या बघण्यासारख्या गोष्टी लहान आहेत आणि पसरलेल्या आहेत : कुणाचं राहतं घर, नदीवरचा दगडी बंधारा, हस्तलिखितांनी भरलेली कपाटं, केळीच्या बागेतली कापणी. त्यांतल्या निम्म्या गोष्टींची किल्ली कुणाकडे तरी असते. कुणाकडे, हे लॉजच्या काउंटरवर कळत नाही, घरात कळतं. म्हणून या मुलखात उतरायचं तर एखाद्या कुटुंबाच्या घरात उतरावं, दोन रात्री काढाव्यात आणि सकाळी त्यांच्याच चुलीवरची भाकरी खाऊन बाहेर पडावं, असं मला मनापासून वाटतं. ते कसं जमवायचं याची ही माहिती.

निवास-न्याहारी म्हणजे काय

राहत्या घरातल्या काही खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या आणि सकाळची न्याहारी घरातून करून द्यायची, एवढीच ही व्यवस्था. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने ती 'निवास व न्याहारी' या नावाने राज्यात रुजवली. कोकणात ती घरोघर पोचली. खान्देशात मात्र तिने अजून मूळ धरायचं आहे. केंद्र सरकारच्या याच धर्तीवरच्या योजनेत घरात किमान एक आणि जास्तीत जास्त सहा खोल्या, म्हणजे बारा खाटा, अशी मर्यादा आहे आणि सोयींप्रमाणे घरांना सुवर्ण किंवा रजत असा दर्जा मिळतो.

या सगळ्यात एकच अट मला कळीची वाटते : मालक आणि त्याचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे. ही अट काढली की उरतं ते छोटं लॉज. बंगला विकत घ्यायचा, नोकर ठेवायचा आणि त्याला 'होमस्टे' अशी पाटी लावायची, हा प्रकार आता सगळीकडे दिसतो. त्यात राहायला हरकत नाही, पण तिथे सकाळी सहाला आजीच्या हाताचा चहा मिळत नाही आणि चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जायला आज रस्ता कसा आहे हेही कुणी सांगत नाही.

याला लागूनच दुसरी वाट आहे ती कृषी पर्यटन केंद्राची. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं. त्यात किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही केंद्र सुरू करता येतं. खान्देशात शेतावर राहणारी कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे इथे पाहुण्यांची खोली गावातल्या वाड्यापेक्षा मळ्यात मिळण्याची शक्यता जास्त.

मुक्कामाची जुनी वाट

खान्देशाला पाहुणा नवा नाही. दख्खनेतून उत्तरेकडे जाणारा रस्ता तापीच्या खोऱ्यातून बऱ्हाणपूरकडे वळत असे, त्यामुळे फौजा, व्यापारी, बैरागी सगळे इथूनच गेले. इंग्रजी अमलात त्यांच्या वाटेवर डाकबंगले आणि सरकारी विश्रामगृहं आली. त्यांतला एक बंगला आजही लोकांच्या मनात आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या किल्ल्याखालच्या कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा तिथे मुक्काम झाला होता, म्हणून दरवर्षी ३१ जुलैला तिथे त्यांच्या अनुयायांची गर्दी लोटते. एखाद्या माणसाच्या मुक्कामामुळे जागेला असा अर्थ येतो.

अजिंठ्याच्या बाजूला तर मुक्कामाचा इतिहासच आहे. मद्रासच्या फौजेतला अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमला गेला आणि त्याचं उरलेलं बहुतेक आयुष्य याच भागात गेलं. अजिंठा गावातल्या बारादरीत तो राहायचा. त्याची बहुतेक चित्रं १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाली. तो स्वतः १८७९ साली गेला आणि त्याला भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशा तरुण चित्रकारांना घेऊन फर्दापूरला तळ ठोकला आणि पुन्हा नकला करून घेतल्या. आज लेण्यांपाशी मुक्काम करायचा तर फर्दापूरच. तिथे पर्यटन महामंडळाचं निवासस्थानही आहे.

तेच नंदलाल बोस डिसेंबर १९३६ मध्ये पुन्हा या मुलखात आले, या वेळी यावल तालुक्यातल्या फैजपूरला. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गावात एवढ्या माणसांना उतरायला जागा कुठून असणार? म्हणून शेतांत टिळकनगर उभं राहिलं. बांबू, चटया, गवत अशा गावाकडच्याच वस्तूंतून नंदलालबाबूंनी त्याची सजावट केली. खेड्यात पाहुणा आला की त्याला खेड्यातल्याच वस्तूंनी सामावून घ्यायचं, ही गांधीजींची दृष्टी त्यामागे होती. पाहुण्यासाठी शहरातून फर्निचर मागवणाऱ्या प्रत्येक घरमालकाने फैजपूरचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवायला हवं.

आणि आतिथ्य म्हणजे काय हे खान्देशात कुणाकडून शिकावं, तर साने गुरुजींकडून. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. घरापासून दूर आलेल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, अंथरुणं नीट घडी घालून ठेवत, कंदिलाच्या काचा पुसत. १९३० साली सत्याग्रहात उडी घेईपर्यंत हे चाललं.

कुठे उतरावं

जळगाव शहरात उतरणं सोयीचं, कारण रेल्वे आणि एसटी दोन्ही हाताशी. जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाई चौधरींचं स्मृतिसंग्रहालय आहे. त्यांचं माहेर आसोदा, शहराला लागूनच. जातं, सुपं, घरातली भांडी या गोष्टी त्या वाड्यात समोर दिसतात तेव्हा ही बाई कुठल्या कामात गुंतलेली असताना गात होती हे नीट कळतं. शहराबाहेर जैन हिल्सवर २०१२ साली सुरू झालेलं गांधीतीर्थ आहे. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा, तासाभरात उरकायची ती जागा नाही.

माझी पसंती मात्र अमळनेरला. बोरी नदीच्या काठचं हे गाव एका दिवसात पायी हिंडता येतं आणि हिंडताना गावाच्या आकाराच्या मानाने फार मोठ्या गोष्टी भेटतात. सखाराम महाराजांचं संस्थान आहे. १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांच्या आश्रयाने उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर आहे. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला देशभरातून माणसं या गावी येऊन राहत. विप्रो ही कंपनी १९४५ साली इथेच वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे भरलं, आणि त्याआधी १९५२ सालीही अमळनेरला संमेलन झालेलं होतं. अशा गावात घरी उतरलं की संध्याकाळी ओट्यावर बसून यांतली एखादी गोष्ट पाहिलेला माणूस भेटतोच. अमळनेरहून धरणगाव जवळ, तिथे बालकवींचा जन्म झाला. एरंडोलच्या बाजूला गेलात तर पद्मालय बघा : कमळांच्या तळ्याकाठचं गणपतीचं देऊळ, आणि गाभाऱ्यात उजव्या व डाव्या सोंडेच्या दोन मूर्ती शेजारी शेजारी.

चाळीसगावला जायचं ते एका घरासाठी. केकी मूस हे छायाचित्रकार आणि शिल्पकार १९१२ साली जन्मले, १९८९ च्या शेवटच्या दिवशी गेले, आणि आयुष्याची पन्नासेक वर्षं त्यांनी स्टेशनजवळच्या आपल्या दगडी घरात, जवळपास उंबरा न ओलांडता काढली. टेबलावर कापूस, काच, वाळू, खेळणी मांडून त्यांनी अशी छायाचित्रं टिपली की बघणाऱ्याला ती हिमाच्छादित डोंगराची किंवा वादळातल्या जहाजाची वाटावीत. रोज रात्री मुंबईहून येणारी पंजाब मेल जाईपर्यंत ते कुणाची तरी वाट बघत जेवायचे थांबत, असं गावात सांगतात. ते घर आता संग्रहालय आहे. दार उघडून दाखवणारा माणूस भेटला आणि त्याला बोलायला वेळ असला तर दोन तास कसे गेले कळत नाही. तेव्हा आदल्या दिवशी घरमालकाकडून निरोप पाठवून ठेवावा.

चाळीसगावपासून वीसेक किलोमीटरवर गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि त्याला दान मिळालं, ते सांगणारा शिलालेख इथल्या देवळात सापडला. त्यावरचं साल इ. स. १२०७ चं पडतं. डॉ. भाऊ दाजींनी तो जगापुढे आणला. पावसाळ्यात इथले धबधबे वाहतात आणि डोंगरावरच्या पितळखोरे लेण्यांकडे जाणारी वाटही हिरवी असते. निसरडीही असते, म्हणून त्या वाटेला स्थानिक माणूस बरोबर हवाच.

तापीच्या पलीकडचा रावेर-यावलचा पट्टा वेगळाच. सातपुड्याच्या पायथ्याशी मैलोन्‌मैल केळी. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती केळी बहुतेक याच बाजूची. मळ्यातल्या घरात उतरलात तर सकाळी उजाडताच बागेत जा. आत शिरलं की बाहेरच्यापेक्षा हवा जाणवण्याइतकी गार लागते आणि पानांवरून रात्रीचं पाणी ठिबकत असतं. कापणी असेल तर एक जण विळ्याने घड उतरवतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो. घड जमिनीला लागू द्यायचा नाही, कारण लागलेला डाग पिकल्यावर काळा पडतो आणि भाव जातो. इथून सातपुड्यात पालपर्यंत आणि यावल अभयारण्यात जाता येतं. पूर्वेला मुक्ताईनगर आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचं योगी चांगदेवाचं दगडी मंदिर.

धुळ्याला काय आहे, असं विचारणाऱ्यांसाठी

पुष्कळ आहे. जॉन ब्रिग्ज हा खान्देशचा पहिला इंग्रज कलेक्टर. त्याने जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला आणलं आणि शहर आखून वसवलं. जुन्या धुळ्यातल्या सरळ गल्ल्या आणि काटकोनातले चौक हे त्या आखणीचं फळ. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यालाच वारले. त्यांनी गावोगाव फिरून, दप्तरं धुंडाळून जमवलेली कागदपत्रं राजवाडे संशोधन मंडळात सांभाळली आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देव यांनी महाराष्ट्रभरच्या मठांतून गोळा केलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. वाचनाची गोडी असलेल्या माणसाने धुळ्याला या दोन संस्थांसाठी मुद्दाम मुक्काम करावा. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि कैदी म्हणून तिथेच असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ असा धुळ्यात जन्मला.

शेतीत रस असेल तर पांझरा नदीकाठच्या गावात उतरा. साक्री आणि धुळे तालुक्यांत शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर ओळीने दगडी बंधारे, त्यांतून निघालेले पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात अनेकांची शेतं असतात, पण एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं असा दंडक. त्यामुळे पाणी कुणाला किती हा तंटा राहत नाही. पाणी फिरवायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी आणि बोअर वाढले, आणि बऱ्याच ठिकाणी हे मोडलं. काही गावांत अजून तग धरून आहे. सरकारी खात्याशिवाय, गावाने स्वतः सांभाळलेली अशी पाणी-व्यवस्था महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसेल. ती बघायची तर सकाळी पाटकऱ्याबरोबर पाटाने चालत जायला हवं, आणि पाटकरी सकाळी नऊला लॉजवर घ्यायला येत नाही.

न्याहारीला काय मागावं

घरमालकीण विचारेल, "पोहे करू की उपमा?" तिला वाटतं शहरातल्या पाहुण्याला तेच लागतं. नम्रपणे सांगावं, "ताई, तुम्ही रोज खाता तेच करा." इथून खरी न्याहारी सुरू होते.

ज्वारी आणि अख्खे काळे उडीद, त्यात मीठ, असं एकत्र दळून आणलं की त्या पिठाला कळणा म्हणतात. कळण्याची भाकरी करडी दिसते, चवीला नुसत्या ज्वारीपेक्षा खमंग लागते आणि उडदामुळे पोटाला दिवसभर आधार देते. तव्यावरून काढून निखाऱ्यावर टेकवली की ती टम्म फुगते. त्याच क्षणी तिचा पापुद्रा फोडून आत तेल सोडायचं, आणि बाजूला ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा. ही न्याहारी पोटात असली की दुपारी दोनपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

हिवाळ्यात गेलात तर भरीत. इथली वांगी फिकट हिरवी आणि हातात न मावणारी. बामणोद, भालोद या गावांची नावं त्यासाठी घेतली जातात. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत हे खान्देशात भरीत धरत नाहीत. शेताच्या बांधावर कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या पेटवायच्या, त्या जाळात वांगी काळी ठिक्कर होईपर्यंत भाजायची. मग साल सोलून गर लाकडी बडगीत घालायचा आणि तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या व लसणाबरोबर मुसळाने कुटायचा. वरून भरपूर तेलाची फोडणी, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. बरोबर कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरी. हे बहुधा रात्रीचं किंवा शेतावरच्या दुपारचं जेवण असतं, पण रात्री उरलेलं भरीत सकाळच्या गरम भाकरीशी खावं. रात्रभरात धुराचा वास मुरलेला असतो.

बाकी वरण-बट्टी, कढीबरोबर फुनके, पाटवड्यांचा रस्सा, उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे ही जेवणाची मंडळी. खापराची पुरणपोळी मागितली की लगेच मिळेल असं समजू नका. उपड्या खापरावर, लाटण्याशिवाय, हातावर फिरवत फिरवत मोठी केलेली ती पोळी करणाऱ्या बायका घराघरात आता कमी राहिल्या आहेत. घरात तसा हात असेल तर दोन दिवस आधी सांगावं, आणि आंब्याचे दिवस असतील तर रसाबरोबर खावी.

तिखटाचं आधी बोलून घ्या. काळ्या मसाल्याची सवय नसलेल्याला पहिल्या घासाला घाम फुटतो, आणि पाहुण्याचं पान रिकामं राहू द्यायचं नाही अशी इथली रीत असल्याने नको म्हणणं अवघड जातं.

घर कसं असतं

जुनं खान्देशी घर धाब्याचं. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब आणि तुळया, वर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा थर देऊन केलेलं सपाट छत. पुढे ओटा, मग ओसरी, आत मधलं घर. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा अशा घरातली मधली खोली सिमेंटच्या बंगल्यापेक्षा कितीतरी सुसह्य असते. रात्री सगळं घर धाब्यावर झोपायला जातं. तिथे बाज टाकून झोपायला मिळालं तर ती संधी सोडू नये.

मात्र अशी घरं झपाट्याने पडताहेत. दर पावसाळ्याआधी छतावर नवी माती टाकायची, पोतेरं फिरवायचं, गळती शोधायची, एवढं करायला घरात माणूस उरलेला नाही. मुलगा पुण्याला, सून नोकरीला. दोन खोल्या पाहुण्यांना देऊन त्या पैशांत छताची डागडुजी होत असेल तर त्या घराचं आयुष्य वाढेल, आणि या व्यवस्थेकडे मी एवढ्या आशेने बघतो त्याचं हेच मोठं कारण.

बहुतेक घरं आज विटा-सिमेंटची आहेत, आणि त्यांत कमीपणा काही नाही. एसीऐवजी खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असतो. इथल्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. पाणी काही गावांत रोज येत नाही, साठवून वापरतात. बादलीने आंघोळ करायची तयारी ठेवावी.

कधी जावं, कधी जाऊ नये

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यांत चांगला. हरभऱ्याची शेतं, भरिताच्या पंगती, सकाळी अंगाला झोंबणारी थंडी. पाटणादेवी आणि सातपुड्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबर.

उन्हाळा टाळा असं सगळे सांगतात, पण अक्षय्य तृतीया, म्हणजे इथली आखाजी, ही खान्देशची दिवाळीच. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. ऊन सोसत असेल तर आखाजीला जावं. पण त्या दिवसांत घरात लेकी-नाती भरलेल्या असतात, खोली मिळेलच असं नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. भाऊबंदकी एकत्र जमते, कानबाईचे रोट होतात आणि ते बहुधा कुळातलीच माणसं खातात. अशा वेळी घरमालकाने "या आठवड्यात जमणार नाही" म्हटलं तर आग्रह करू नये. ते घर त्या दिवशी त्यांच्या देवीचं असतं.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात. जळगावात रविवारी उतरून दुसऱ्या दिवशी लेणी बघू असा बेत करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. लेण्यांपर्यंत स्वतःची गाडी नेता येत नाही; फर्दापूरच्या फाट्यावरून तिथल्या बसने पुढे जावं लागतं.

फोनवर काय ठरवावं

भाडं खोलीचं की माणशी, न्याहारीत काय येतं, रात्रीच्या जेवणाचे वेगळे किती, हे आधीच स्पष्ट बोलावं. खान्देशी माणूस पैशांचं तोंडावर बोलायला संकोचतो, "या हो, बघू नंतर" म्हणतो आणि मग दोघांचीही पंचाईत होते. पाहुण्यानेच विषय काढला की त्याला हायसं वाटतं. संडास खोलीला लागून आहे की अंगणात, कमोड आहे की नाही, हे वयस्कर माणसं बरोबर असतील तर लाजू नका, विचाराच. स्टेशनवर घ्यायला कुणी येईल का तेही विचारा, कारण रात्री दहानंतर लहान गावांत रिक्षा मिळत नाही.

दारू आणि मांसाहाराबद्दल घरचे नियम पाळायचे. अनेक घरांत दोन्ही चालत नाही, आणि त्यावर वाद घालणं शोभत नाही.

ओळखपत्राची प्रत घरमालक मागेल, ती द्यावी. बरोबर परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या आगमनाची माहिती चोवीस तासांत ऑनलाइन कळवायची जबाबदारी घरमालकाची असते. नव्या माणसाला ते ठाऊक नसतं, म्हणून पाहुण्यांनीच आठवण करावी.

खोली उघडू पाहणाऱ्या घरांसाठी

नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. जळगाव-धुळ्यासाठी विभागीय कार्यालय नाशिकला आहे. महिलेच्या नावावर व्यवसाय असेल तर २०२३ साली आलेल्या 'आई' या महिलाकेंद्रित पर्यटन धोरणाखाली पंधरा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळू शकतो. घरातली खोली आणि न्याहारी हे मुळात बाईच्याच श्रमावर चालणारं काम, तेव्हा त्याची मालकी आणि बँकेचं खातंही तिच्या नावाने असावं, असं मी आग्रहाने सांगेन.

खर्च करायचा तर आधी स्वच्छतागृहावर, मग गादी आणि चादरींवर, मग मच्छरदाणीवर. रंगीत दिवे आणि प्लास्टिकची हिरवळ यांवर पैसे घालू नयेत. टीव्ही नसला तरी चालतो, पण अंगणात दोन खुर्च्या आणि एक बाज हवी. सुरुवात एकाच खोलीने करावी. एक हंगाम पाहुणे येऊ द्यावेत, सासूबाईंना ते झेपतं का, मुलांच्या अभ्यासाला त्रास होतो का ते बघावं आणि मगच दुसरी खोली काढावी. पाहुण्याला हाताने लिहिलेला एक कागद द्यावा : संग्रहालय कधी उघडतं, देवळाची किल्ली कुणाकडे, एसटी किती वाजता, शेवटची गाडी कोणती. आणि फड बघायचा असेल तर पाटकऱ्याचा नंबर, पाहुणा येणार हे त्याला आदल्या रात्री सांगून.